मोबाइलातून आलेला बैल

शाळेत पालकांची सभा झाली. बाई म्हणाल्या, "मुलं आईबापाच्या मोबाइलवरून परस्पर खरेदी करतात. लक्ष ठेवा." सगळ्या आयांनी माना हलवल्या. मी सगळ्यांच्या मागे बसले होते, तरी मान सर्वात जास्त मीच हलवली. चारचौघांत मला तेवढंच जमतं.

लेक चौथीत आहे. माझंही शिक्षण चौथीच. म्हणजे सध्या आम्ही दोघी सारख्याच शिकलेल्या, आणि पुढच्या वर्षी ती माझ्या पुढे जाणार. अशा मुलीवर मी लक्ष ठेवायचं! खरेदीचं खातं माझ्या नावाचं, पण ते उघडलं तिनं. पासवर्डही तिनंच ठरवला आणि माझ्याकडून पाठ करून घेतला. मी चुकले की रागावायची.

खातं मला कशासाठी हवं होतं, तेही लिहिते, कारण हे कोणी वाचणार नाही. तालुक्याच्या गावी, सावलीला, दुकानात आतले कपडे मागायचे तर समोर माणूस उभा. मी पुटपुटायची, तो ओरडायचा, "कोनती साइज पायजे, बाई?" सगळं दुकान माझ्याकडे वळायचं. मग मी एक रुमाल घेऊन घरी यायची. इतके रुमाल आमच्या घरात जमले की सगळ्यांना एकदम सर्दी झाली असती तरी पुरले असते. मोबाइलातलं दुकान ओरडत नाही. पाकीट बंद येतं आणि मी ते बंदच आत नेते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल सजवून मारुतीच्या देवळासमोर नेतात. त्याच्या आधी काही दिवस मी धानाचं निंदण करून घरी आले, हात चिखलानं भरलेले, तेव्हा लेकीनं विचारलं, "आई, बैल घेऊ का?" मी म्हटलं, "घे." शेजारी वाढई, म्हणजे सुतार, राहतो. त्याच्या अंगणात सागवानाचे बैल रांगेनं उभे. आमच्याकडे "बैल घे" म्हणजे कुंपणाजवळ जा आणि हाक मार. तिच्या हिशेबानं "घे" म्हणजे बटण दाब. तिनं परवानगी रीतसर घेतली होती. लक्ष ठेवण्यात मी कुठंच कमी पडले नव्हते.

पार्सल आलं तेव्हा सगळे घरीच होते. खोका पाहून सासूबाई म्हणाल्या, "याच्यात त जोडी मावन." खोक्यात कागद, कागदात प्लास्टिक, प्लास्टिकात पुन्हा कागद, आणि शेवटी अंगठ्याएवढा बैल. सागवानाच्या मुलखात परमुलखातून आलेला.

"हा बैल हाय का उंदीर?" नवऱ्यानं विचारलं.

"बरं हाय, बापा," सासूबाई म्हणाल्या, "याले चारा-तनस नाई लागत."

वाढई कुंपणावरून डोकावला. "माह्या बैलायनं काय पाप केलं, वयनी?"

"फोटोत मोठा होता!" लेक रडवेली झाली.

"अन् तुह्या मायनं काऊन पाह्यलं नाई?" नवरा म्हणाला. "काढून टाक ते दुकान मोबाइलातून. आत्ताच्या आत्ता."

आता ते काढायचं कसं, हे घरात फक्त लेकीला ठाऊक. म्हणून मोबाइल तिच्याच हाती दिला. चोराच्या हाती किल्ली देतात ती अशी. तिनं बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला ते सावलीचं दुकान दिसलं, वळणारी तोंडं दिसली.

"काढाचं नाई," मी म्हटलं.

"काय?"

"काढाचं नाई म्हटलं. काढलं त माहे आतले कपडे तुमी आनाचे. दुकानात उभं राहून, साइज सांगून."

वाढयाला एकाएकी खूप काम आठवलं. ठोकठोक सुरू झाली. नवरा छपराचे कवेलू मोजल्यासारखा वर पाहत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "माह्याकडं पाहू नको, बापा. मी नाई आनत." मग त्यांनी मोबाइल लेकीच्या हातातून घेतला आणि माझ्या हातावर ठेवला.

"मंग लक्ष ठेवत जा," त्या म्हणाल्या.

"ठेवतो ना," मी म्हटलं.

आणि मी ठेवते. आता लेकीनं काही दाखवलं की मी म्हणते, "किती मोठं हाय, हातानं दाखव." ती खालचं बारीक वाचते आणि हात पसरते. अर्ध्या वस्तू तिथंच नापास होतात.

परवा नवऱ्यानं लेकीला अंगणात बोलावलं आणि आवाज खाली करून विचारलं, "त्याच्यात डोक्याले बांधाची बॅटरी भेटते का वं? वावरात जाले पायजे होती."

मी चुलीपुढून म्हटलं, "आधी मले विचारा. खातं माहं हाय."