रिकाम्या पोत्यातली पावडर

हातकणंगल्याजवळ कापड रंगवणाऱ्या कारखान्यात मी टाकी सांभाळतो. विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. रंग चढवण्याआधी ती काढावी लागते. त्यासाठी एन्झाइमची फिकट पिवळी पावडर यायची. पहिल्यांदा मी घट्ट, कोमट खळीच्या बादलीत चिमूटभर टाकून बघितली. थोड्याच वेळात खळीचं पाणी झालं. ना उकळी, ना ॲसिड! मी आ वासून बघतच राहिलो. आपल्या थुंकीतही भाकरी पचवणारं असंच काहीतरी असतं, हे कळल्यावर तर त्या पावडरीला मी मनातल्या मनात हात जोडले.

रिकामं पोतं फेकून देणं आमच्या घराण्यात नाही. ही पोती जाड, टिकाऊ. मी दर आठवड्याला एकदोन घरी आणायचो. बायको ती दारात उलटी करून काठीनं झोडपायची आणि त्यांत भात भरायची. पिवळट धुरळा उडायचा. मी कट्ट्यावर चहा पीत म्हणायचो, "पीठच हाय गं ते, काय हुतंय?"

मग ती खोकायला लागली. दिवस वर्षाच्या चटणीचे होते. मिरच्या कांडून आणल्या की अख्खी गल्ली खोकते, तिच्याकडे कोण बघणार? चटणी बरणीत गेली, खोकला राहिला. छातीत शिट्टी वाजायची. आजऱ्याला माहेरी गेली की ठणठणीत, परत आली की पुन्हा तेच. "माहेरचं नाव काढलं की खोकला पळतोय व्हय?" असं मी चिडवायचो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

एका सकाळी पोतं झोडपता झोडपता ती पायरीवर बसली. ओठ निळे पडले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. दवाखान्यात तिला ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "माहेरी बऱ्या, घरी आजारी. तिथं नसलेलं असं काय आहे तुमच्या घरात?"

माझ्या शर्टाच्या बाहीवर पिवळी रेघ होती. मी सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "असं एन्झाइम श्वासातून गेलं की काहींचं शरीर त्याला शत्रू धरतं. एकदा धरलं की चिमूट लागत नाही, कण पुरतो. दमा औषधानं आटोक्यात येईल. पण शरीर हे विसरेल याची खात्री नाही."

बादलीभर खळ विरघळवणारी चिमूट मोठी, की डोळ्यांना न दिसणारा कण ओळखून लढायला उठणारं माणसाचं शरीर मोठं? दोन्हींपुढे मी फारच लहान होतो, आणि पोती आणणारा मीच होतो.

घरातली पोती मी तोंडाला ओला रुमाल बांधून, बायको दवाखान्यातून माहेरी गेली असतानाच बाहेर काढली. कारखान्यात भांडलो; आता पावडरीऐवजी पातळ एन्झाइम येतं, फरशी झाडत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात. मी तिथंच आंघोळ करून कपडे बदलतो.

ती परत आली त्या संध्याकाळी मी अंगणातच थांबलो.

"असं किती दिस लांब उभं ऱ्हाणार? या की जवळ."

"आंघोळ केलीया. तरी पण..."

पायरी उतरून तीच जवळ आली. माझ्या खांद्याला नाक टेकवून तिनं छातीभर श्वास घेतला. तो सुखरूप बाहेर येईपर्यंत मी माझा रोखून धरला होता.