चौथा कोयता

गारगोटीजवळच्या त्या गावात गणपतरावांची बंदूक त्यांच्यापेक्षा जास्त फिरलेली होती. परवाना गव्यांपासून पीक राखायचा, पण तिचा बार एकाही गव्याने ऐकलेला नव्हता. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि निवडणुकांना आपल्याकडे खंड नाही. त्यामुळे हवालदार हंबीरराव तिला मालकापेक्षा जवळून ओळखत.

आज सकाळी गोठ्यात शिरलेला चोर कोयता उगारून अंगावर आला आणि गणपतरावांनी बार काढला. छर्रे मांडीत बसले. कोयता तिथंच टाकून चोर लंगडत रस्त्यापर्यंत गेला आणि पडला. आता दवाखान्यातून तो सांगत होता, 'माझ्या हातात काहीच नव्हतं.'

गणपतराव ओसरीवर बसून होते. स्वतःचा हात शेजाऱ्याने मांडीवर ठेवून दिल्यासारखा वाटत होता. चहा आला, पिऊनही झाला. गोड होता की कसा, पत्ता नाही.

"कोयता कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"धुतला की," गणपतरावांची बायको शालूबाई म्हणाल्या. माणसं येणार म्हणून अंगणात सडाही घालून झाला होता. "रगात लागलं हुतं सायेब, तसाच ठिवू व्हय? आमच्या कोयत्यांत ठेवलाय."

छपरातून चार कोयते आले. चारही लख्ख, चारही सख्ख्या भावांसारखे.

"आमच्या घरात तीनच हुतं," शालूबाई घाईने म्हणाल्या. "चौथा त्या मुडद्याचा!"

फौजदारांचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात शेजारचा कृष्णात मदतीला पुढे सरसावला. कृष्णात मदतीला निघाला की गावाच्या पोटात गोळा येतो.

"गणपतदा, त्यात एक माझा हाय की! दिवाळीत न्हेलतासा."

"म्हणजे तीन यांचे, एक तुझा," फौजदार म्हणाले. "मग चोराचा कुठला?"

घरातले तीन कृष्णातचा धरूनच, म्हणजे चौथा चोराचाच. गणपतरावांना ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं. ग्रामसभेत माइक न सोडणारा माणूस, पण जीभ हलेना. कानात बार अजून घुमत होता.

"अवं, बोला की कायतरी!" शालूबाई ओरडल्या.

हंबीररावांनी दंडाला धरून गणपतरावांना जीपमध्ये बसवलं. फौजदार पुढच्या गाडीतून निघाले. गाव मागे पडलं तेव्हा गणपतराव म्हणाले, "कृष्णातचा धरून तीन."

"मग तिथं का न्हाय बोललासा?"

गणपतरावांनी आठवून पाहिलं. सापडला तो फक्त बार.

"ठाण्यात सायबांना सांगा," हंबीरराव म्हणाले. "मानतील का न्हाय, ते मला इचारू नका."