बाबांच्या फोटोवरचा दिवा

बाबांच्या फोटोवरचा तो छोटा लाल एलईडी दिवा मीच बसवला होता. डिंडोलीतल्या आमच्या घरात मधल्या खोलीला खिडकी नाही, भरदुपारीही तिथे अंधार असतो. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. मी साडी मार्केटात पार्सलं बांधणारा माणूस. पण मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, टेस्टर आणि पक्कड आणली आणि स्वतःला वायरमन समजू लागलो. होल्डर बाबांच्याच पेटीतला, जुना पितळी. तारा दोन. कुठली बटणातून न्यायची आणि कुठली सरळ होल्डरला, याचा फार विचार केला नाही. दिवा लागला, मी खूश.

बटण बंद केलं तरी तो पुरता विझायचा नाही. आत एक फिकट ठिपका उरायचा आणि तेवढ्या उजेडात काचेमागे बाबांचे फक्त डोळे दिसायचे. दुपारी पाणी प्यायला तिकडून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची. दिवा बदलून पाहिला, नवाही तसाच. आईला विचारलं, काढून टाकू का?

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. ती घरात अहिराणीच बोलते. "त्या आठेच शेतस."

ते इथेच आहेत, असं म्हणाली ती, भाजीत मीठ आहे म्हणावं इतक्या सहज. माझ्या अंगावर काटा आला.

पुढे एका सकाळी मी तिला पाहिलं. ती ठेंगणी, म्हणून लाकडी पाटावर उभी राहून ओल्या फडक्याने फोटो पुसायची. पुसून झालं तरी उतरली नाही. दोन बोटं होल्डरवर टेकवून, डोळे मिटून उभी राहिली.

"मना हात धरतस," उतरल्यावर ती हळूच म्हणाली. "रोज. बोटंस्ले मुंग्या येतस."

ते तिचा हात धरतात, हे ऐकून मी घाबरलो, पण तेव्हाही बाबांनाच घाबरलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

समोर लूमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वायरमन काका राहतात, मूळचे अकोल्याकडचे. त्यांना चाचरत सांगितलं. ते हसले नाहीत. लगेच आले, बटण बंद केलं आणि पितळेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बटण न्यूट्रलवर लावलं तू," ते म्हणाले. "दिवा बंद दिसते, पण फेज, म्हंजे करंटाची तार, होल्डरातच राह्यते. अन् हा होल्डर आतून फुटका, करंट पितळेत उतरते." मग त्यांची नजर पाटावर गेली. "लाकडावर उभी राह्यते म्हणून वाचली तुही माय. ओल्या फरशीवर असती, तं तिचाबी फोटो लावा लागला असता."



त्यांनी सगळं माझ्याच हातून करून घेतलं. आधी टेस्टर चालू पॉइंटवर पेटतो का पाहायचं, मग मेन बंद, मग पुन्हा एकेक तार तपासायची. फेजची लाल तार बटणातून, न्यूट्रलची काळी सरळ, होल्डर नवा प्लास्टिकचा. मेन सुरू करून बटण दाबलं, दिवा लागला. परत दाबलं आणि पूर्ण काळोख झाला.

आईला मी सगळं समजावलं. तो करंट होता, चूक माझी होती, तू मेली असतीस. ती मान डोलावत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पुसला आणि दोन बोटं नव्या होल्डरवर टेकवली. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग उतरली, फडकं पिळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पहिले जसं व्हतं तसं करी देशी का?"