एका गंजाची चूल

आमच्या घरामागे भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्या सारख्या रिकाम्या व्हायच्या. महाराष्ट्र नवानवा झालेला. जळगाव जामोदला सरकारी माणसं यायची आणि वर्षभरात बदली होऊन जायची. मागचं निस्तरणं माझ्या वाट्याला. भिंतीतले खिळे उपटा, चुना भिजवा, त्यात नीळ घाला, अंबाडीच्या कुंच्याने भिंती रंगवा, जमीन सारवा. माणसं गाव बदलायची आणि मी पोतेरं घेऊन तिथंच. मला त्या खोल्यांचा रागच यायचा.

त्या हिवाळ्यात मात्र मी चुना मारता मारता पाढे म्हणत होते. दवाखान्यातल्या कंपाउंडरचं सात माणसांचं बिऱ्हाड लोणारला गेलं होतं आणि उद्याच्या एसटीने मुलींच्या शाळेची नवी मास्तरीण येणार होती. माझी सहावी झालेली, लग्नापायी सातवी राहिली. सातवी पास बाईला तेव्हा शाळेत नोकरी मिळे. ही बाई मला शिकवणार, हे मी तिला न बघताच ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आईले विचार." म्हणजे झालंच.

सासूबाईंना एकटी बाई भाडेकरू म्हणून नकोच होती. "पह्यलं दूध नीट उतू गेलं तं राहू दे," त्या म्हणाल्या. "नाही तं दुसरी खोली पाह्य म्हणा." नव्या बिऱ्हाडाने आधी दूध उतू घालायचं, ही आमच्याकडची रीत. त्याच्याही आधीची रीत म्हणजे गेलेल्या बिऱ्हाडाची चूल मोडायची आणि येणाऱ्यासाठी नवी घालायची. एकाची चूल दुसऱ्याला लाभत नाही म्हणतात.

पण नवी चूल वाळायला दोन दिवस लागतात आणि माझ्या हातात उरली होती एक दुपार. जीव थाऱ्यावर नव्हताच. मी जुन्या चुलीलाच पांढऱ्या मातीचे दोन हात दिले. अगदी कोरी दिसायला लागली. संध्याकाळी शेतातून आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "मोडली काय जुनी?" मी "हाव" म्हणून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण आली. एक ट्रंक, एक वळकटी आणि ओंजळीत मावेल एवढा एक पितळी गंज, म्हणजे पातेलं. तो पाहिला आणि मला चूल आठवली. त्या चुलीवर सात माणसांची भाजी शिजायची, तिचं तोंडही तेवढंच मोठं. मी तोंड उघडायच्या आत तिने दुधाचा गंज चुलीवर ठेवला. तो कलला, आत घसरला आणि सगळं दूध विस्तवावर सांडलं. खोलीभर धूर झाला.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "इथली चूल हिले मानवत नाही," त्या म्हणाल्या. मास्तरणीने वळकटी पुन्हा बांधायला घेतली.

गप्प राहिले असते तर शिव्या चुकल्या असत्या, पण सातवीही गेली असती.

"आत्याबाई, चूल जुनीच हाये. म्या मोडली नाही. नुसती पोतारली," मी सासूबाईंना म्हणाले.

मला वाटलं, आता माहेरी धाडतात. पण त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली, दोन घावांत चूल पाडली आणि पदर खोचून माती कालवायला बसल्या. "चूल वाळंपर्यंत आमच्याकडं जेव," मास्तरणीला म्हणाल्या. तिने मापासाठी आपला गंज पुढे केला.

सासूबाईंनी तो हातात फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"घरातून मोठा गंज आन," त्या मला म्हणाल्या. "रोज अभ्यासाले येऊन बसशीन, तं दोघींचा चहा मावला पाह्यजे. दोन दिस पाढे म्हणून राह्यली, मी काय बहिरी हावो?"