शनिवारची सुई

शनिवारी हॉस्पिटलमधून घरी जायचं नाही, गेलं की परत यावं लागतं. आमच्या वॉर्डात हा नियम डॉक्टरांच्या शब्दापेक्षा मोठा. भाईंदर पूर्वेच्या त्या हॉस्पिटलात मी नर्स, दम्याचे आणि छातीचे पेशंट माझ्याकडे. पेशंट बरा, कागद तयार, तरी खाटेवर बसून रविवारची वाट बघणार. डॉक्टर चिडायचे. चिडायचे मीही, पण दुसऱ्याच गोष्टीवर.

अशा पेशंटना फ्लूची लस द्यायची असते. डॉक्टर कार्डावर लिहायचे, 'पंधरा दिवसांनी ओपीडीत येऊन घेणे'. कोण येतंय! बरं वाटलं की हॉस्पिटलची पायरी कोण चढतं? लस फ्रीजमध्ये पडून आणि माणूस थंडीत पुन्हा माझ्या दारात.

काशीगावच्या एक आजी वर्षात तिसऱ्यांदा आल्या होत्या. जन्मभर चुलीचा धूर छातीत गेलेला. सोबत सून, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. घर तिच्याच पगारावर चालायचं, आणि शेठनं तिला बजावलं होतं, अजून एकदा आठवडाभर गायब झालीस तर परत येऊच नकोस.

आजी बऱ्या झाल्या नेमक्या शनिवारी. "आज मी न्हाय जायाची," त्यांनी सांगून टाकलं. डॉक्टर वैतागून बाहेर आले तसं मी त्यांना पॅसेजमध्ये गाठलं.

"सर, नाहीतरी थांबतायतच. आजच लस देऊ या."

"कार्डावर लिहिलंय मी."

"कार्ड वाचून परत आलेला एक पेशंट दाखवा सर, उद्यापासून तोंड उघडणार नाही."

स्वतःच्या आगाऊपणानं माझेच कान गरम झाले. त्यांनी केसपेपर मागितला. मग ताप विचारला, ऑक्सिजन विचारला आणि म्हणाले, "द्या."

आता सून अडली. "नको हां सिस्टर. इंजेक्शनने ताप येतो. परत खाडा झाला तर शेठ काढूनच टाकेल मला."

तिचं चूक नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. "ताप आलाच तर उद्यापर्यंत येईल. उद्या रविवार, तू घरीच. सोमवारी कामावर जा. लस घेतली की आजार येतच नाही असं मी म्हणत नाही, पण आला तरी असं झोपवणार नाही. बघ, थंडीत अजून एक आठवडा इथे काढायचाय का?"

ती बोटांवर दिवस मोजू लागली. आजींनी मात्र सगळं ऐकलं होतं. "परत यायाचं न्हाय ना? मंग टोच," म्हणत त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या.

"एका हातानं भागतं, आजी!"

समोरच्या खाटेवरचे, बेव्हर्ली पार्क भागात राहणारे काका सुई बघूनच कुशीवर वळले होते. "बापया मानूस नि सुईला भितोस?" आजींनी ऐकवलं. संध्याकाळपर्यंत रविवारसाठी अडून बसलेल्या सगळ्यांनी लस घेतली, काकांनीही, डोळे मिटून. त्या दिवशी मी वॉर्डातून नुसती मिरवत होते. पुढे दर शनिवारी डॉक्टर स्वतःच विचारू लागले, "आज कोण कोण अडलंय?"

ती थंडी मला लांबलचक गेली. ड्यूटीवर आले की आधी नव्या पेशंटची यादी बघायची. आजींचं नाव एकदाही दिसलं नाही. पण न दिसण्याचे अर्थ दोन असतात, आणि दुसऱ्याची मला भीती वाटायची.

होळीनंतर स्टेशनबाहेरच्या बाजारात सून दिसली, कामावरून सुटलेली, हातात डबा. मी काही विचारायच्या आत तीच ओरडली, "सिस्टर, एक खाडा नाही!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आजी होत्या. कुठं उलथलीस, कालवण निवलं, पोरं भुकेनं बसलीत, कोनाशी गप्पा हाणतेस, सगळं एका दमात, कुठेही न थांबता. सून हसत फोन कानापासून लांब धरून उभी होती, आणि मी भर बाजारात डोळे पुसत होते.