मायच्या मांडीवरची घागर

भाव करताना मी फार कमी वेळा हरलो आहे. अहमदपूरच्या बसस्टँडजवळ माझं भांड्यांचं दुकान उभं राहिलं ते याच जोरावर. त्याआधी सायकलला भांड्यांची गोणी बांधून मी मुखेडच्या बाजाराला जायचो आणि पाल ठोकून बसायचो. चार पावलं पुढं गेलेलं गिऱ्हाईक परत कसं वळवायचं हे मला कुणी शिकवलं नाही. तापट तोंड मात्र मी जन्मतःच घेऊन आलो. असा मी एकदा एका म्हातारीपुढं साफ हरलो. त्या हरण्याचे उपकार मी अजून मानतो.

लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला मारायचे हेलपाटे संपले म्हणून लोक खूश होते, पण पावसानं पाठ फिरवली होती. आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी सुट्टीच्या दिवशी आठ-दहा माणसं मेटाडोरमध्ये घालून जुने किल्ले, देवळं दाखवायला न्यायचे. कधी घर न सोडणारी माझी माय एक दिवस म्हणाली, "मला बी जायचं." मी लगेच दोन जागा सांगून आलो. ठिकाणं मागाहून कळली. सकाळी कंधारचा किल्ला, मग तिथला दर्गा आणि उन्हं उतरताना मुखेडच्या अलीकडच्या एका गावातलं महादेवाचं पडकं देऊळ. त्या गावाचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना असाच दुष्काळ पडला होता. आमच्याकडं पाऊस हटला की महादेव कोंडतात. गाभाऱ्यात घागरीमागून घागर ओतून पिंड बुडवायची, दाराच्या फटी चिखलानं लिंपायच्या आणि पाऊस येईपर्यंत देवाला तसंच पाण्यात ठेवायचं. जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो म्हणतात. त्या साली आसपासच्या गावांतून घरटी एक घागर मागितली होती. आम्ही बौद्ध. घरात धम्म आला होता, महादेवाशी आमचं काही उरलं नव्हतं. पण माय धोरणी. म्हणाली, "उद्या पाऊस न्हाई आला तर म्हनतील, ह्यांची घागर आली नव्हती."

कोरड्या नदीच्या वाळूत झिरा उकरून तिनं वाटीवाटीनं घागर भरली. ती डोक्यावर आणि मी हाताशी, असे भर उन्हात निघालो. देवळाच्या पायरीशी पुजाऱ्यानं हात आडवा केला. "तुमची घागर नको." पुढचं मला तुटक तुटक आठवतं. ऊन, मायचा पदर आणि घरी येताना तिच्या काखेतली रिकामी घागर. ते पाणी त्यांनी तिला धुळीत ओतायला लावलं, याबद्दल माझी खात्री होती. तो राग मी इतकी वर्षं पितळेच्या भांड्यासारखा घासून चकचकीत ठेवला होता.

मी तडक गुरुजींकडं गेलो.

"गुरुजी, सहल नव्या जिल्ह्याची ना? मग आपला जिल्हा दाखवा. हे सगळं नांदेडात. लोकांच्या जिल्ह्यात डिझेल कशाला जाळता?"

"देऊळ बांधणाऱ्यांना आपला कलेक्टर ठाऊक नव्हता रे बाबा."

"खरोशाची लेणी दाखवा. बुद्ध आहे तिथं."

"पुढच्या खेपेला."

"मग देऊळ गाळा आणि किल्लाच दोनदा दाखवा."

गुरुजी हसले. म्हणाले, "ते देऊळ मी घातलंच नव्हतं. तुझ्या मायनं घालायला लावलं."

घरी येऊन मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव, मीच सांगितलं."

"कशाला?"

"काम हाय. तू भांडू नको, निस्ता चल."

निघायच्या सकाळी तिनं दुकानातली नवी पितळेची घागर मागून घेतली, घरच्या पाण्यानं काठोकाठ भरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि ती मांडीवर घेऊन मेटाडोरमध्ये बसली. मला सगळं कळलं असं वाटलं. तेव्हा परत लावलेली घागर तिला आता ओतायची होती. मला ते पसंत नव्हतं. धम्म घेतल्यावर ह्या दाराशी पुन्हा कशाला जायचं? पण मनाशी ठरवलं, तिची इच्छा असेल तर ओतू दे. मात्र आज कुणी हात आडवा केला तर गाठ माझ्याशी आहे. काय बोलायचं त्याची मी वाटभर उजळणी केली.

कंधारला गुरुजींनी खंदक दाखवला, राष्ट्रकूटांच्या काळच्या गोष्टी सांगितल्या आणि एका प्रचंड मूर्तीचे तुकडे दाखवले. नुसतं पाऊल पाहून आमच्यातले बँकेचे कॅशियर म्हणाले, "ह्यांना चपला कोण शिवत असेल?" मोठ्या तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. दर्ग्याच्या सावलीत सगळ्यांनी भाकरी सोडल्या. माय कुठं गेली तरी घागर तिच्या काखेत. मी धरतो म्हणालो तर दिली नाही.

दुपारनंतर फिरकीचे तांबे रिकामे झाले. गाडीला बाहेरून टांगलेली जाड कापडाची छागलही निथळून गेली. सगळ्यांच्या नजरा मायच्या मांडीवर.

"आजी, घोटभर द्या की," कॅशियर म्हणाले.

"ते दुसऱ्याचं हाय, दादा."

"दुसरा कोण? महादेव? तो रोजच पितो."

सगळे हसले. माय हसली नाही. गचका बसला की तिचा तळवा आधी फडक्यावर जायचा.

देवळापाशी पोचलो तर तिथं महादेव कोंडायचं कामच चाललं होतं. विहिरीपासून गाभाऱ्यापर्यंत माणसांची रांग, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात घागरी. आजूबाजूला ढासळलेले खांब, कोरीव दगड, अर्ध्या मातीत गेलेला नंदी. पायरीशी टॉवेल गुंडाळलेला एक तरुण उभा होता. मायची घागर पाहून त्याचा चेहरा उजळला.

"या मावशी, भरून आनली जनू! द्या हिकडं, वततो."

मी पुढं झालो. "कुणाची घागर आहे ते नाही विचारणार?"

"पान्याची हाय न?"

"आम्ही कोण ते नाही विचारणार?"

"तहान लागली का तुमाला?" त्यानं काळजीनं विचारलं. "सावलीला बसा. ऊन लई वंगाळ हाय."

इतकी वर्षं जपलेला माल घेऊन मी बाजारात आलो आणि गिऱ्हाईकच नाही, अशी माझी गत झाली. कानशिलं तापली होती, पण ओरडायचं कुणावर? तेवढ्यात माय त्या तरुणाला म्हणाली, "ह्याच्यासाठी न्हाई, बाबा," आणि देवळाला वळसा घालून चालू लागली.

मागं बाभळीखाली एक माळवदाचं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. माय तिच्यासमोर उभी राहिली. तिला दम लागला होता.

"बाई, हैत का तुमी!" माय म्हणाली. "मला वाटलं, उशीर झाला."

"कोन म्हनायचं?" म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला.

"त्या दुष्काळात घागर घिऊन आल्ते मी. तुमच्या मालकानं पायरीवरून परत लावली. माझं लेकरू ऊन लागून हितं, ह्याच वट्यावर पडलं. डोळे पांढरे केल्ते त्यानं. मला ते पानी देवाचं म्हनून हात लावायची हिंमत हुईना. तुमी भाईर आल्या. म्हनल्या, देव थांबंल बाई, लेकरू थांबनार न्हाई. घागर घेतली अन् समदी ह्याच्या डोक्यावर वतली." तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "त्येच हे."

मी ओट्याकडं पाहिलं. काहीच आठवलं नाही. ज्यानं अडवलं त्याच्याच बायकोनं मला वाचवलं होतं, आणि धुळीत गेलं समजून ज्या पाण्यासाठी मी जन्मभर भांडत होतो ते माझ्याच डोक्यावरून वाहिलं होतं.

"माय, हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"त्या गावाचं नाव काढलं की तू देवळाच्या दारापाशीच भांडून राहिला. मागल्या घराचं सांगू कवा?"

म्हातारी मला निरखत राहिली. म्हणाली, "मला न्हाई आठवत, बाई. त्या साली लई लेकरं आडवी झाली ह्या वट्यावर. मालक बोलले आसतील मला. त्ये बोलायचेच." मग तिनं घागरीचं फडकं सोडलं, ओंजळ धरली आणि सगळ्यांदेखत आमच्या घरचं पाणी प्याली. उरलेलं तिनं रांजणात ओतलं आणि आमच्या मंडळींना हाक मारली. कॅशियर तांब्यावर तांब्या प्याले.

रिकामी घागर तिनं माझ्यापुढं ठेवली. "पानी ऱ्हाऊ द्या. घागर न्या. म्हागाची हाय."

"घागर तुमच्यासाठीच आणली आहे," मी म्हणालो.

"फुकटचं म्या घेत न्हाई."

"फुकट कुठं? तुम्ही पाणी दिलं होतं."

"ते तुमचंच व्हतं की."

"जीव वाचवलात माझा."

"मग त्याचा भाव करतूस व्हय रे?"

इतकी वर्षं बाजार केलेला मी हरलो आणि घागर उचलायला वाकलो. म्हातारीनं सुपातली चिंच मुठीमुठीनं घागरीत भरायला सुरुवात केली. दुष्काळात दुसरं काही येत नाही, चिंच तेवढी लागते. "भांडं रिकामं परत देत न्हाईत," ती म्हणाली. "मागं रिकामं दिलं आसंल, तवा घरात काय नव्हतं."

"रिकामं कुठं?" माय म्हणाली. "त्या दिशी माझं लेकरू चालत घरी आलं."

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. गुरुजींनी देवळाबद्दल काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. निघताना मी वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. पायरीवरून जाताना मात्र थांबलो नाही. त्या आडव्या हाताचा राग माझ्याकडं अजून आहे, आणि त्यात मी कुणाला सूट देणार नाही. पण त्या गावाचं नाव निघालं की आता आधी देवळामागचा ओटा आठवतो.

गाडीत घागर पुन्हा मायच्या मांडीवर आली. गुरुजींनी मागं वळून विचारलं, "खरोशाला दोन जागा धरू ना?"

"धरा," मी म्हणालो.

मायनं घागरीत हात घातला आणि चिंचेचं एक बोटूक माझ्या हातावर ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "हे दुसऱ्याचं न्हाई."