सही न देणारा साहेब

ऐन उन्हाळ्यात दुपारी तीनला तुम्ही टीव्ही लावलात आणि समोर लोकरीचा स्वेटर विणायचा धडा चालू असला, तर तो कपाटरावांनी लावलाय असं समजावं. एखादी मालिका एकदम चौथ्या भागापासून सुरू झाली, तरी ते काम त्यांचंच. आज नायकानं थरथरत्या हातानं पत्र उघडलं आणि उद्या त्याच वेळेला एक कुंभार निवांत चाक फिरवत बसलाय, पत्रात काय होतं ते कुणालाच कधी कळलं नाही, तरीही तेच.

टीव्ही केंद्राच्या तळघरात टेपांची खोली आहे आणि कपाटराव तिथले राखणदार. खरं नाव हजेरीपटावर असेल. टेपांना उकाडा सोसत नाही, म्हणून ती खोली बारा महिने गारठलेली. त्यामुळे बाहेर डांबर वितळत असताना हा गृहस्थ काखेत स्वेटर मारून कामाला निघतो, आणि खाली बसून जगाला स्वेटर विणायला शिकवतो. त्याच्या लेखी ऋतू एकच.

उन्हाळा लागला की कार्यक्रमांचं पत्रक आखणाऱ्या नियोजनबाई मुलांना घेऊन रजेवर जातात. जाताना एक कोरा तक्ता तळघरात देऊन जातात.

"कपाटराव, दुपारचे दोन महिने तुम्ही भरा हो."

"काय भरू, बाई?"

"काहीही भरा. पडदा काळा दिसला नाही म्हणजे झालं. एवढ्या उन्हात बघतंय कोण मेलं!"

बघत होतं. निदान एक माणूस तरी नक्की बघत होतं. कपाटरावांची थोरली बहीण, अक्का.

अक्का एके काळची नटी. रंगमंचावर बारा वर्षं काढली, मग टीव्हीवर एक मालिका मिळाली. तेरा भागांची. अक्का त्यात परिचारिका होती, आणि मुख्य भूमिका तिचीच. तेराही भागांचं चित्रीकरण झालं. नऊ भाग दाखवले, आणि त्या उन्हाळ्यात कुठल्याशा मोठ्या जलतरण स्पर्धा आल्या. मालिकेची वेळ स्पर्धांना दिली. "स्पर्धा संपल्या की उरलेले चार दाखवू," असं सांगितलं. ते चार भाग एकतीस वर्षं झाली तरी कुणी दाखवले नाहीत.

त्यातला अकरावा भाग अक्काचा जीव की प्राण. परिचारिका रिकाम्या खाटेशी बोलते, असा चार मिनिटांचा प्रवेश. एका दमात केलेला, मध्ये कुठे कापाकापी नाही. तो झाल्यावर म्हणे दिवे धरणारी माणसंसुद्धा जागची हलली नाहीत. दिग्दर्शक म्हणाला होता, "बाई, हा प्रवेश लोकांनी बघितला की तुम्हाला घरी बसू देणार नाहीत." लोकांनी बघितला नाही. अक्का घरी बसली. पुढे एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायच्या कामाला लागली. "नंबर सतरा!" असं ती म्हणाली की सतरा नंबरचा तर उठायचाच, शेजारचा अठराही उठून उभा राहायचा.

लग्न तिनं केलं नाही. कपाटरावांची बायको गेल्यावर बहीणभाऊ दोन खोल्यांत एकत्र राहायला लागले. आणि दर उन्हाळ्यात, तक्ता घरी आला की अक्का विचारायची, "या वर्षी?"

"बघू. सही मिळाली तर."

सही न देणारा साहेब कपाटरावांनी पहिल्याच वर्षी तयार केला होता. न दाखवलेला भाग दाखवायला वरिष्ठांची सही लागते, आणि तो वरिष्ठ सही देत नाही, एवढंच सुरुवातीला होतं. पण अक्का पडली नटी. तिला पात्र नीट उभं राहिलेलं लागतं.

"दिसतो कसा?"

"बारीक आहे. चष्मा."

"बोलतो कसा?"

"कमी. आधी खोकतो, मग बोलतो."

"प्रत्येक वाक्याआधी?"

"जवळजवळ."

अशी एकतीस वर्षं त्या माणसात भर पडत गेली. अक्का त्याला पोटभर शिव्या घालायची. "अरे, खोकून खोकून मेला कसा नाही तो? निवृत्त तरी कधी होणार? तुझ्या आधी लागला ना नोकरीला?"

"मुदत वाढवून मिळाली त्याला."

"अशांनाच मिळते!"

आता खरी गोष्ट सांगते. साहेब नव्हता, आणि त्या टेपाही नव्हत्या. जलतरणाच्या वेळी कोऱ्या टेपा कमी पडल्या, तेव्हा हुकूम आला की ज्या टेपांवर 'प्रसारित' असा लाल शिक्का नाही, त्या आधी पुसा. कपाटरावांच्या नोकरीचा तो तिसरा महिना. यादीत नुसते आकडे होते, तेही क्रमानं नाहीत. तीन टेपा पुसून झाल्या. चौथी मशीनवर चढवली, तेव्हा पुसण्याआधी दोन सेकंद चित्र दिसलं. अक्का खाट आवरत होती. तो अकरावा भाग होता.

मागे उभा असलेला वरिष्ठ म्हणाला, "थांबलास का?"

आणि ते थांबले नाहीत.

या वर्षी अक्काचे डोळे गेले. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, मधलं जाईल, कडा राहतील. समोर माणूस बसला की चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग, आणि कान, खांदे, दरवाजाची चौकट तेवढी शाबूत. टीव्हीला नाक लावून, मान तिरकी करून बसली तर चेहरा अजून कसाबसा सापडायचा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेही राहणार नव्हतं. कपाटरावही पावसाळ्यात निवृत्त होणार होते. म्हणजे हा शेवटचा तक्ता.

त्यांनी काय करावं? सोमवारपासून तीन वाजता मालिका लावली. भाग एक. भाग दोन. रोज एक. जणू नऊपर्यंत पोचेस्तोवर दहावा कुठून तरी उगवणार होता. अक्का मान वाकडी करून बघायची, आणि आपल्याच वाक्यांवर चुकचुकायची. "काय घाई झाली होती गं बाई तुला," असं स्वतःलाच म्हणायची. नववा भाग संपला तशी ती म्हणाली, "उद्या मी येते तुझ्या साहेबाकडे."

"तो दौऱ्यावर आहे."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा गेला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तळघरातला फोन वाजला. दारावरचा पहारेकरी होता.

"कपाटराव, तुमच्या अक्का आल्यात रिक्षानं. एकट्या. साहेबांना भेटायचं म्हणतायत. आता या सुट्टीत साहेब कुठला शोधू मी? वर चिटपाखरू नाही."



"दुसऱ्या मजल्यावर आण," कपाटराव म्हणाले. "कोपऱ्यातल्या खोलीत बसव आणि तू जा. कुणी विचारलं तर मी बँकेत गेलोय."

मागच्या जिन्यानं ते वर धावले. अंगातला स्वेटर काढून कपाटात कोंबला, कारण तो अक्कानंच विणलेला. कुणा रजेवरच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसले. पडदे ओढले. हात टेबलाखाली घेतले.

अक्का आत आली. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. खुर्ची चाचपून तिनं नेमकी टेबलाकडे तोंड करून घेतली.

"नमस्कार साहेब. मला ओळखत नसाल."

"बोला, बाई." कपाटरावांनी आवाज खाली, छातीत ओढला होता.

"चार भाग आहेत माझे तुमच्याकडे. मला सगळे नकोत. अकरावा दाखवा. तुम्ही बघितलाय?"

"नाही."

"मग सही कशी द्याल तुम्ही? बरोबर आहे. न बघता कोण सही देईल!" ती उठली. "बघा."

आणि त्या बंद खोलीत, टेबल आणि कपाट यांच्या मधल्या चार हात जागेत, अक्कानं खाट आवरायला घेतली. खाट नव्हती. पण चादर झटकली तेव्हा कपाटरावांनी डोळे मिटले, धूळ उडावी तसे. चारही कोपरे तिनं खोचले. उशी दोन बाजूंनी थापटली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही उठू नका हं. चादर बदलायची आहे नुसती. मी तुमच्या भोवतीनं बदलते."

चार मिनिटं. आवाज कुठे चढला नाही. जो माणूस तिथे नाही, त्याच्या अंगाखालून ती चादर ओढत होती, त्याला कूस वळवत होती, त्याचं ऐकून हसत होती. शेवटी घडी छातीशी धरून उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली. "कसं झालं?"

 टेबलापलीकडून आवाज आला, तो मघापेक्षा बराच वरचा होता.

"बाई, त्या टेपा नाहीत. पुसल्या. तेव्हाच."

अक्का घडी धरल्यासारखीच उभी.

"चारही?"

"चारही."

"वर काय भरलं?"

"पोहण्याच्या शर्यती."

"ज्यानं पुसलं, त्यानं आधी बघितलं का काही?"

"दोन सेकंद."

"काय होतं त्यात?"

"तुम्ही खाट आवरत होता."

"बरी दिसत होते?"

"हो."

अक्कानं हातातली नसलेली घडी खुर्चीवर ठेवली. पिशवी शोधून काखेत घेतली. "शर्यतीची ती टेप तरी आहे?"

"आहे."

"मग उद्या तीनला ती लावा. अकरावा भाग ज्या टेपेवर होता ती. चुकवू नका."

दाराची चौकट तिला व्यवस्थित दिसत होती. तिथे हात टेकून ती थांबली.

"आणि साहेब, एक सांगते. खोकला विसरलात तुम्ही. पूर्ण प्रवेशात एकदाही नाही."

घरी त्या संध्याकाळी अक्कानं नेहमीसारखं ताट वाढलं, पाणी ठेवलं, पंखा त्यांच्या बाजूला वळवला. कपाटराव वाट बघत होते. एखादं भांडं आपटेल, निदान 'बेशरमा' म्हणेल. पाठ करून ठेवलेली माफीची वाक्यं तोंडात घेऊन ते बसून राहिले. अक्कानं ती ऐकायला मागितलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते घरी आले. तीनला निवेदिका हसून म्हणाली, "आता पाहू या, जलतरण स्पर्धा." मालिकेचं काय झालं, ते तिलाही माहीत नव्हतं. केंद्रात एकही फोन आला नाही. उन्हाळ्यात येत नाहीत.

अक्का पडद्याला नाक लावून बसली होती, पण आज मान सरळ.

"काय चाललंय? नुसतं निळं दिसतंय."

"आठ मुली आहेत. उड्या मारल्या. लाल टोपीवाली पुढे आहे."

"शेवटी कोण?"

"शेवटी नाही, चौथी आहे बघ एक, पिवळ्या टोपीची. चांगली पोहते. आता तिसरीला गाठते... नाही. राहिली."

"जिंकलं कोण?"

"लाल टोपीच. तिघींना दाखवतायत आता. टॉवेल देतायत."

"आणि पिवळी?"

"ती पाण्यातच असेल अजून. कॅमेरा तिच्यावर नाहीये."

"कडेला एक हात आहे," अक्का म्हणाली. "काठ धरलेला. दिसतोय मला."

कपाटरावांनी बघितलं. खरंच, पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात चार बोटं होती. एक, दोन सेकंद. मग चित्र बदललं आणि टाळ्या वाजवणारे लोक आले.

"अक्का," ते म्हणाले.

"बंद कर ते," अक्का म्हणाली. "आणि तो स्वेटर काढ अंगातला. घरात आहेस तू."